अन्ननलिकेचा कर्करोग जगात घटत असेल, तर ज्येष्ठांमध्ये त्याचे रुग्ण का वाढत आहेत?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होत आहे असे एकीकडे वाचायला मिळते आणि ज्येष्ठांमध्ये त्याचा भार वाढत आहे असेही सांगितले जाते, तर हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे. आणि सत्तरीनंतर हा आजार निघाला तर उपचार करण्यात अर्थ असतो का. पचनसंस्थेच्या रुग्णांसोबत मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी मला अधिक पोटतिडकीने लिहायचे आहे, पण त्याआधी पहिल्याचा उलगडा व्हायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे दगावली. मृत्यूंचा आकडा नव्या रुग्णांच्या आकड्याच्या इतका जवळ असतो, कारण बहुतेकांचे निदान फार उशिरा होते. जो घटला आहे तो दर, म्हणजे लोकसंख्येतील वयोमानाचा फरक वजा करून काढलेले प्रमाण. प्रत्यक्ष रुग्णसंख्या मात्र साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे जगात किती आहेत यावर ठरते, आणि ती झपाट्याने वाढत आहेत. अमेरिकेत या रुग्णांचे निदानाच्या वेळचे मध्यक वय, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून लहान आणि निम्मे मोठे असतात ते वय, ६८ च्या आसपास आहे. त्यामुळे प्रत्येक हजार वृद्धांमागे रुग्ण थोडे कमी झाले तरी वृद्धच कितीतरी अधिक असल्याने एकूण भार वाढलेला दिसतो.

हा आजार उतारवयातच का गाठतो, याचे उत्तर चीनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण एकट्या चीनमध्ये आहेत. तेथील हनान प्रांतातील लिनशियान हा डोंगराळ भाग या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध होता. ताज्या भाज्या-फळांची वानवा, बुरशी धरलेले धान्य आणि आंबवून साठवलेली भाजी हे तिथले वर्षानुवर्षांचे जेवण. १९८६ ते १९९१ या काळात तेथे ४० ते ६९ वयोगटातील सुमारे ३० हजार लोकांना जीवनसत्त्वे व खनिजे वेगवेगळ्या गटांत देऊन पाहिली गेली. सेलेनियम, ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन मिळालेल्या गटात एकूण मृत्यू थोडे घटले. मात्र पूरक गोळ्या थांबल्यानंतर दहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की त्या सुरू करताना ज्यांचे वय ५५ च्या आत होते त्यांच्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले होते आणि ५५ च्या पुढच्यांत ते उलट थोडे वाढले होते. माझ्या मते या आजाराबद्दल यापेक्षा बोलका पुरावा विरळाच. अन्ननलिकेच्या अस्तराला इजा होण्याची प्रक्रिया दशकानुदशके चाललेली असते, आणि पन्नाशीनंतरच्या गोळ्यांनी ती पुसली जात नाही. आज पंचाहत्तरीत असलेल्या चिनी शेतकऱ्याचे बालपण व तारुण्य टंचाईत गेले. त्याच्या नातवाच्या ताटात ताजी भाजी असली, तरी त्याचा स्वतःचा धोका त्या जुन्या काळातला आहे.

इतरत्र कारणे वेगळी आहेत, वेळेचा हिशेब तोच. इराणच्या गुलिस्तान प्रांतात अतिशय गरम चहा आणि अफू यांच्याकडे बोट दाखवले जाते. ६५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक गरम पेये कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे वर उल्लेखिलेल्या संस्थेनेच २०१६ साली नोंदवले. ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका येथे लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षांची आम्लपित्ताची जळजळ यांतून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होणारा दुसराच प्रकार बळावला आहे. पूर्व आफ्रिकेत, विशेषतः केनिया आणि मलावीत, तुलनेने तरुण माणसेही सापडतात. आपल्याकडे तंबाखू, मशेरी, सुपारी, विडी आणि दारू यांचा वाटा मोठा आहे, आणि खेड्यांतील कित्येक वयस्क बायका चाळीस-पन्नास वर्षे मशेरी लावत आलेल्या असतात.

आता दुसरा प्रश्न. म्हातारपणी या आजाराचे पहिले लक्षण घरातच दडून जाते. घास अडकायला लागला की भाकरी दुधात कुस्करली जाते, मग मऊ भात, मग पेज. कवळी नीट बसत नाही, वयामुळे भूक मंदावली, असे सगळ्यांनाच पटते आणि वजन उतरत राहते. घट्ट पदार्थ अडकणे आणि नंतर पातळही न उतरणे ही वयाची खूण नव्हे. अशा वेळी दुर्बिणीने तपासणी करायलाच हवी. त्या तपासणीत गरज पडल्यास अन्ननलिकेवर आयोडीनचे द्रावण फवारतात: निरोगी अस्तर तपकिरी होते आणि रोगट जागा फिकट राहते, त्यामुळे अगदी लहान डागही नजरेत भरतो.

उपचारांच्या बाबतीत ज्येष्ठांवर एक अन्याय होत आला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी व रेडिएशन देण्याची पद्धत ज्या डच चाचणीने रुजवली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. रुग्णांचे मध्यक आयुष्य २४ महिन्यांवरून सुमारे ४९ महिन्यांवर गेले. पण तिच्यात ७५ वर्षांपुढील रुग्णांना प्रवेश नव्हता, आणि नेमके त्याच वयाचे रुग्ण आपल्यासमोर वाढत आहेत. म्हणून २०२१ साली प्रसिद्ध झालेली चिनी चाचणी मला फार मोलाची वाटते. तिच्यात ७० ते ८५ वर्षांच्या २९८ रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ रेडिएशन आणि निम्म्यांना त्यासोबत एस-१ या केमोथेरपीच्या गोळ्या देण्यात आल्या. दोन वर्षांनी पहिल्या गटातील सुमारे ३६ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे ५३ टक्के रुग्ण हयात होते. तेव्हा ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य, मग ते नातेवाइकांचे असो वा डॉक्टरांचे, मला मान्य नाही. वय नव्हे, तर हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, पोषण आणि रोजची कामे स्वतः करण्याची ताकद यांवरून निर्णय व्हावा. अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया मोठी असते, ती सर्वांना झेपत नाही. पण झेपत नसली तरी स्टेंट, म्हणजे अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवून किंवा आतून रेडिएशन देऊन गिळणे सुकर करता येते, आणि तोंडाने जेवता येणे ही रुग्णासाठी लहान गोष्ट नसते.

आपल्या घरी कोणाला हा त्रास असेल, तर डॉक्टरांकडे जाताना गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरले, कोणता पदार्थ केव्हापासून अडकतो आणि तंबाखू-मशेरीची सवय किती वर्षांची आहे, हे लिहून न्यावे. उपचार ठरवताना रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे त्याच्यासमोरच विचारले जाईल एवढे पाहावे.