जमादारांना विचारा : चोऱ्या वाढल्या, मग ठाण्याचा आकडा कमी कसा?

(यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांत नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले आमचे ‘जमादार’ वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गाव तीन हजार वस्तीचं. दिवाळीपासून नाल्याकाठच्या पाच विहिरींवरून मोटरीच्या केबल गेल्या, दोन बोकड गेले, स्टँडवरच्या किराणा दुकानाचं शटर वाकवलं. ठाण्यात गेलो तर ठाणेदार म्हणाले, ‘तुमच्या गावाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे.’ पोरं म्हणतात कॅमेरे लावा, म्हातारे म्हणतात गस्त सुरू करा, बाया म्हणतात आधी दारू बंद करा. पैसा एकाच कामापुरता आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत कोणता विषय धरावा?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचे ठाणेदार खोटं बोलले नाहीत, आणि तुम्हीही नाही. केबल गेल्या हे खरं, आकडा घटला हेही खरं.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात चोरीचं कलम 303. 5,000 रुपयांच्या आतली चोरी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. यावर माझी तक्रार नाही. भुरट्या चोराला तुरुंगात टाकून तो सुधारून आल्याचं मी फारसं पाहिलं नाही. पण त्याच्याच पाठोपाठ दुसरी गोष्ट आली, ती गावात कुणी सांगितली नाही. 5,000 च्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे तुमच्या हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती येते आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाही. विहिरीवरच्या जुन्या, दोन ठिकाणी जोड दिलेल्या वायरीची किंमत ठाण्यात किती धरतील? पाच शेतकऱ्यांच्या पाच एनसी झाल्या आणि गावाच्या दाखल गुन्ह्यांत भर पडली शून्याची.

म्हणून फिर्याद सांगताना नुसतं ‘वायर गेली’ म्हणू नका. किती फूट, कोणत्या कंपनीची, कधी घेतली, बिल आहे का, स्टार्टर आणि पेटीसुद्धा गेली का, सगळं सांगा. किंमत फुगवू नका, पण निम्मीही सांगू नका. आणि एक महत्त्वाचं : वायर उघड्यावरून गेली की कुलूप लावलेल्या मोटरखोलीतून? राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम 305 लागतं. तिथे 5,000 ची अट नाही, गुन्हा दखलपात्रच. शेतातल्या कोठ्याचं कुलूप तोडून सोयाबीनचे कट्टे नेले तर तेच. बोकडांचं तर विचारूच नका. दोन बोकड 5,000 मध्ये कोण देतो ते मला दाखवा, मीही घेतो. तो एफआयआर व्हायलाच पाहिजे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नाहीच नोंदवला तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती वाट ठेवली आहे.

आता आकड्याबद्दल. देशाचा गुन्हेगारीचा अहवाल 1953 पासून निघतो, आता तो एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काढतो. त्यात दर एक लाख लोकसंख्येमागे मोजतात. तुमचं गाव तीन हजारांचं, म्हणजे एक गुन्हा इकडचा तिकडे झाला की तुमचा दर तेहतीसने हलतो. शिवाय एकाच एफआयआरमध्ये घरफोडी, मारहाण आणि धमकी तिन्ही असली तरी त्या अहवालात सगळ्यात मोठा गुन्हा तेवढा मोजला जातो. इतक्या लहान गावात ‘चोऱ्या दुप्पट झाल्या’ किंवा ‘निम्म्या झाल्या’ याला काही अर्थ नसतो, मग ते ठाणेदार म्हणोत की तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप. नोकरीत असताना मी एक पाहिलं. नवा ठाणेदार आला, लोकांना बसवून ऐकायला लागला, की वर्षभरात ठाण्याचा आकडा चढायचा आणि वरून विचारणा यायची, ‘तुमच्याकडे गुन्हे वाढले कसे?’ आधीचा साहेब लोकांना दारातूनच परत पाठवायचा, त्याचा आकडा सुंदर असायचा.

तुम्हाला मोजायचंच असेल तर स्वतः मोजा. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या निकालामुळे पोलिसांना एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात, महिला अत्याचारासारखी नाजूक प्रकरणं सोडून. गावातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, ठाण्याचं नाव निवडून वर्षभराचे एफआयआर काढू द्या. एनसी तिथे दिसणार नाहीत. त्यासाठी पोलीस पाटलाकडे एक साधी वही ठेवा : काय गेलं, कुठून गेलं, कोणती तारीख आणि त्या रात्री शेतीची लाईन होती की नव्हती.

शेवटचा रकाना मुद्दाम सांगतोय. कृषी फीडरला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची लाईन असली की माणूस हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलितावर असतो, विहिरीवर बॅटरी फिरत असते, वायरीत करंट असतो. लाईन दिवसाची असली की रात्री वायर मेलेली आणि शिवार रिकामं. केबल चोराला तुमचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. तुमच्या पाच तारखा त्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. बहुतेक एकाच बाजूला पडतील. मग वर्षभर गस्त घालायची गरज उरत नाही, ठरावीक रात्री नाल्याकाठी दोन-चार जण पुरतात. तशीही रोही आणि डुकरांसाठी जागल करणारी माणसं शिवारात असतातच, त्यांनाच एकमेकांचे नंबर द्या. वायर जाळून तांबं काढतात, तेव्हा नाल्यात जळलेलं प्लास्टिक कुठे पडलंय तेही बघा आणि बीट जमादाराला त्या जागेवर घेऊन या. तिथून भंगाराच्या काट्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही. चोरीचा माल ठाऊक असून घेणाराही गुन्हेगार असतो.

मोटरीवर गट नंबर पंच करून घ्या, नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये ठेवा. सापडलेल्या मोटरी ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या मी पाहिल्या आहेत. चोर सापडला, माल सापडला, पण ‘ही माझीच’ म्हणायला कुणाकडे खूण नाही. खूण असली तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, ती लवकर घरी नेता येते.

गस्तीवाल्या पोरांना एक गोष्ट ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगा, इतिवृत्तात लिहा. संशयित माणूस दिसला तर 112. डोळ्यांसमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करताना धरला तर कायद्याने कुणीही त्याला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, आणि मारहाण करायची नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना गावाने ठेचून मारलं. फोनवरच्या अफवेवरून. आपल्याकडे बोकड गेला की पहिलं बोट पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जातं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. बऱ्याच गावांत तो अजून लागू आहे. माझ्या बीटमध्ये बोकड सापडले तेव्हा ते कुठे सापडले ते सांगितलं तर गावातल्या चांगल्या घरांना राग येईल, म्हणून नाही सांगत. शनिवारी रात्री कुणाच्या मळ्यात पार्टी होती, एवढं विचारून पाहा.

कॅमेऱ्यांवर माझा जीव नाही. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून घेता येतील. पण मग त्याचं वीजबिल, डीव्हीआरवरची धूळ आणि नादुरुस्त झाला की कुणी बोलवायचा माणूस, हे सगळं पुढच्या सदस्याच्या गळ्यात पडतं. स्टँडवर दुकानदारांनी मिळून एक लावावा, त्यांच्या शटरपुरता. नाल्याकाठी त्याचा काही उपयोग नाही.

राहिल्या बाया. ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. तुम्ही खरी घ्या, आणि पुरुष सदस्यांनी बाहेर बसा. ‘गावात कुठे भीती वाटते?’ एवढंच ग्रामसेवकाला विचारायला सांगा. मी ज्या गावांत हे ऐकलं तिथे चोराचं नाव वर कधीच नव्हतं. दारूच्या गुत्त्यासमोरून जाणारा शाळेचा रस्ता होता, बंद पडलेला पथदिवा होता, घरात रोज होणारी मारहाण होती. वायर 3,000 ची, ती पुन्हा घेता येते. माझं मत विचारत असाल तर 26 तारखेला पैसा दिव्यांवर लावा आणि ठराव दारूचा घ्या. केबलसाठी वही पुरेशी आहे.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी, तरी गावात तीन घरी मोहाची दारू मिळते. पोलीस येतात, सडवा नष्ट करतात, चार दिवसांनी पुन्हा भट्टी. तक्रार केली की विक्रेत्याला आमची नावं कळतात.
— महिला बचत गटाच्या एक सदस्य, वर्धा जिल्हा

उत्तर : ताई, नाव एकटीचं असलं की त्रास होतो, म्हणून एकटीने तक्रार करू नका. 2016 मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राम रक्षक दलाची तरतूद झाली आहे. ग्रामसभेतून त्याची मागणी करा. मग माहिती दलाची असते, कुणा एका बाईची नाही. धाड पडून भट्टी पुन्हा पेटते याचं कारण असं की प्रत्येक वेळी नवा किरकोळ गुन्हा दाखल होतो आणि जामीन होतो. ठाणेदारांना त्याच दारूबंदी कायद्याच्या कलम 93 चं विचारा. त्या कलमाखाली विक्रेत्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र घेता येतो. तो मोडला की रक्कम जप्त होते, तेव्हा खिशाला झळ बसते. जुना अट्टल हातभट्टीवाला असेल तर एमपीडीए म्हणजे धोकादायक कारवाया रोखण्याचा 1981 चा कायदाही आहे, त्यात वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. त्यासाठी आधीच्या गुन्ह्यांची यादी लागते. म्हणून दर वेळी 112 वर कॉल करा, त्याची नोंद राहते. धाड पडली की पंचनाम्याला गावातले पंच उभे राहतील एवढं बघा. पंच नाहीत म्हणून सुटलेल्या केसेस मी जास्त पाहिल्या आहेत.

प्रश्न : वडिलांच्या फोनवर पीएम किसानच्या नावाने एक फाईल आली. उघडली आणि तासाभरात खात्यातले संत्र्याच्या बागेचे पैसे गेले. ठाण्यात म्हणाले, शहरातल्या सायबर शाखेत जा. काय करू?
— एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : दादा, पत्र लिहायच्या आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनला फोन करायला हवा होता, अजून केला नसेल तर हे वाचणं थांबवून करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतात, वाटेत कुठे अडले तर परत मिळतात. जवळचं ठाणं तक्रार घ्यायला नाही म्हणू शकत नाही. हद्द दुसऱ्याची असली तरी शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून पुढे पाठवता येतो. ही चोरी तुमच्या गावातल्या सगळ्या केबल चोऱ्यांच्या बेरजेपेक्षा मोठी आहे, आणि तिच्यासाठी कुणी गस्त मागत नाही, कारण कुत्रं भुंकलं नाही. बँकेत जाताना पासबुक, आधार आणि तो फोन घेऊन जा. फोनचं इंटरनेट बंद ठेवा, मेसेज पुसू नका, आणि आलेली फाईल घरात कुणालाही ‘पाहायला’ म्हणून पाठवू नका.