पितळ नाही हो ते, पॉलिश लावू नका!

प्रश्न: आत्याकडून एक जुना चायनीज व्हास आलाय, गडद निळा, पण तोंडाला, बुडाला आणि हँडलला पिवळ्या धातूची नक्षी आहे. एकजण म्हणतो ते नंतर बसवलंय, काढून टाका, नुसत्या पोर्सेलिनला जास्त किंमत येईल. दुसरा म्हणतो काळं पडलंय तर पितळ पॉलिशने घासा. काय करू?

उत्तर: दोघांचंही ऐकू नका, प्लीज. नंतर बसवलंय हे बरोबर, पण म्हणून ते उपरं होत नाही. 18व्या शतकात पॅरिसचे शौकीन वस्तू विकणारे व्यापारी चीनहून आलेले व्हास घ्यायचे आणि कारागिरांकडून त्यांना ब्राँझची फ्रेंच नक्षी करून घ्यायचे, आणि गिऱ्हाईक होती फ्रान्सच्या राजाची, पंधराव्या लुईची, प्रेयसी मादाम द पोंपादूरसारखी. लाझार द्युव्हो या व्यापाऱ्याची 1748 ते 1758ची विक्रीची वही आजही आहे, तिच्यात तिची खरेदी सापडते. म्हणजे तुमचा तुकडा खरंच तेव्हाचा असेल तर अर्धा चीनचा, अर्धा पॅरिसचा, आणि दोन्ही मिळून एक वस्तू.

काढू नका याचं दुसरं कारण जरा वाईट आहे. कधीकधी तुटलेली मान कापून वर ब्राँझचं तोंड बसवायचे, हँडलसाठी भोकंही पाडायचे, त्यामुळे नक्षी काढली की खाली काय निघेल सांगता येत नाही. फाँटहिल व्हास नावाचा प्रसिद्ध चिनी व्हास बघा, साधारण 1300 सालचा, त्याला युरोपात बसवलेली चांदीची नक्षी 19व्या शतकात गेली आणि ती कशी दिसायची हे आता 1713च्या एका चित्रावरून बघावं लागतं. व्हास आहे डब्लिनच्या म्युझियममध्ये, उघडाबोडका.

आता पॉलिश. सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझला लावायचे आणि तापवून पारा उडवायचे (त्या वाफेने कारागिरांच्या तब्येतीची वाट लागायची), मागे राहायचा तो सोन्याचा पातळ थर. पॉलिशने तुम्ही नेमका तोच घासून काढाल. मऊ कोरडा ब्रश फिरवा, बस्स.

ओळखायचं तर नक्षीची न दिसणारी मागची बाजू टॉर्चने बघा, तिथे बहुतेक मुलामा नसतो, छिन्नीच्या खुणा दिसतात. वर मुकुट असलेलं छोटं इंग्रजी C अक्षर सापडलं तर तो 1745 ते 1749 मधला फ्रान्सच्या तांब्यावरच्या कराचा शिक्का, पण लगेच उड्या मारू नका, तो शिक्का खोटाही मारतात आणि 19व्या शतकात अशा व्हासच्या नकला पॅरिसमध्येच भरपूर झाल्या. स्क्रू न उघडता बुडाचे आणि हँडलच्या जोडाचे जवळून फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा, पण तो स्वतःच विकत घ्यायला बसलेला नको.