25 मे 2021 रोजी तुम्ही ओटीत होता, याचा कागद कुठे आहे?

मिरजेजवळच्या एका खासगी रुग्णालयात 2014 पासून ओटी (शस्त्रक्रियागृह) टेक्निशियन म्हणून काम करणाऱ्या वाचकाचे पत्र माझ्यासमोर आहे. शिक्षण एका खासगी संस्थेचे एक वर्षाचे प्रमाणपत्र, नेमणूकपत्र कधी मिळालेले नाही, पहिली काही वर्षे पगार रोख. आता व्यवस्थापनाने बजावले आहे की दोन महिन्यांत सहयोगी आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक आणा, नाहीतर कामावर येऊ नका. पत्राच्या शेवटी त्यांनी हेही लिहिले आहे की भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातल्या केससाठी निघून गेले की रुग्णाकडे हे टेक्निशियनच पाहतात आणि फोनवरून सांगितलेली इंजेक्शनेही देतात. अशा आशयाची पत्रे मला वरचेवर येत असल्यामुळे हे उत्तर जाहीरपणे देत आहे.

नोंदणी लागते की नाही, यावर वेळ घालवत नाही. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा, 2021 च्या अनुसूचीत शस्त्रक्रियागृहातील आणि भूल विभागातील तंत्रज्ञांचा समावेश आहे, त्यामुळे ती लागते. तुम्ही मात्र सारा भर अकरा वर्षांच्या अनुभवावर दिला आहे, आणि कायदा अनुभवाची वर्षे मोजत नाही. त्याच्या व्याख्येनुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान 2000 तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते. तुमचे एक वर्षाचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही, आणि ते बसवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. घरबसल्या पदविका मिळवून देण्याच्या जाहिरातींनाही भुलू नका. या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवणे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून बंद केले आहे.

म्हणून तुमच्यासाठी एकच तरतूद उरते आणि तुमचे सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. कायदा लागू होण्याच्या दिवशी किंवा त्यापूर्वी जी व्यक्ती मान्य वर्गवारीत सेवा देत होती, तिला दोन वर्षांच्या आत नोंदणी करता येईल, असे कायदा म्हणतो. कायदा 25 मे 2021 रोजी लागू झाला, म्हणजे ही मुदत मे 2023 मध्ये संपली. मुदतीचा अडथळा मला दुर्लंघ्य वाटत नाही. ज्या राज्य परिषदांनी नोंदणी करून घ्यायची, त्या स्थापन करण्यातच सरकारांनी वर्षे घालवली. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना 12 ऑक्टोबर 2024 पर्यंत कायद्याची अंमलबजावणी करा, असे बजावावे लागले. अर्ज घेणारी यंत्रणाच धड उभी नसताना अर्ज वेळेत का केला नाही, असा दोष अर्जदाराला देता येणार नाही, कारण अशक्य गोष्ट करण्याची सक्ती कायदा कोणावरही करत नाही. न्यायालय हा युक्तिवाद मान्य करीलच, अशी हमी मी देत नाही. परिषदेने केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळला, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल, आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) असल्याने सांगली जिल्ह्यातल्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही.

परंतु मुदतीचा वाद जिंकूनही 25 मे 2021 रोजी तुम्ही ओटीत काम करत होता हे सिद्ध करता आले नाही, तर हाती काहीच लागणार नाही. इथे मला स्पष्ट बोलणे भाग आहे. इतकी वर्षे नेमणूकपत्र न मागता, भविष्य निर्वाह निधीची चौकशी न करता आणि रोख पगाराची साधी पावतीही न घेता तुम्ही काम केलेत. महाराष्ट्रात पॅरामेडिकल परिषदेचा स्वतंत्र कायदा आधीपासून आहे, तिथेही तुम्ही कधी विचारणा केल्याचे दिसत नाही. त्या काळातला एखादा अर्ज किंवा नुसती पोचपावती असती, तरी आज तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला असता.

अजूनही कागद मिळू शकतात. ओटी रजिस्टरमध्ये टेक्निशियनच्या रकान्यात तुमची सही असेल, तर 2021 च्या पूर्वार्धातील त्या पानांच्या प्रमाणित प्रती रुग्णालयाकडे लेखी मागा. रुग्णांची नावे झाकून दिल्या तरी चालतील. बँकेत जमा झालेल्या पगाराचे उतारे काढा. नर्सिंग होमच्या नोंदणीसाठी किंवा नूतनीकरणासाठी रुग्णालयाने कर्मचाऱ्यांची यादी सादर केली असेल, तर ती महानगरपालिकेकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असेल; माहिती अधिकारात अर्ज केल्यास तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. आणि तुमच्या ध्यानात न आलेला एक पुरावा कदाचित तुमच्या मोबाइलमध्येच आहे. करोना लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले आणि 45 पेक्षा कमी वयाच्या सर्वसामान्य नागरिकांसाठी ते 1 मे 2021 पासून खुले झाले. तुम्ही तेव्हा 31 वर्षांचे होता. पहिल्या मात्रेचा दिनांक फेब्रुवारी किंवा मार्च असेल, तर ती मात्रा तुम्हाला आरोग्य कर्मचारी म्हणूनच मिळाली, हे उघड आहे. एकट्या लसीच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होणार नाही, पण इतर कागदांना त्याचा मोठा आधार मिळेल.

डॉक्टरांकडून अनुभवाचा दाखला जरूर घ्या, मात्र त्यावर दाखला देण्याच्या दिवसाचीच तारीख असू द्या. मागची तारीख टाकलेले नेमणूकपत्र कोणी आपुलकीने देऊ केले, तरी स्वीकारू नका. ते बनावट दस्तऐवज ठरेल आणि तुमच्या खऱ्या सेवेवरही संशय येईल.

नोकरीबाबत एवढेच सांगतो की स्वतःहून राजीनामा लिहून देऊ नका. व्यवस्थापनाच्या सूचनेला नोंदणीच्या अर्जाची पोच जोडून लेखी उत्तर द्या. पुढचे सारे ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या कारणाने कामावरून काढतात यावर अवलंबून राहील.

भूलतज्ज्ञांच्या गैरहजेरीबद्दल तुम्ही सहज लिहिले आहे, पण मला सर्वाधिक काळजी त्याचीच वाटते. भूलयंत्र तपासणे, औषधे आणि साधने हाताशी ठेवणे, भूलतज्ज्ञ समोर असताना त्यांच्या सांगण्यावरून मदत करणे हे तुमचे काम आहे. भूल दिलेला रुग्ण एकट्याने सांभाळणे आणि फोनवरच्या सूचनेवरून औषध देणे हे तुमचे काम नाही, आणि उद्या नोंदणी मिळाली तरी ते तुमचे होणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या पहिल्या पोटकलमानुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडले, तर नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे. ही सवलत टेक्निशियनला नाही. म्हणजे एकाच टेबलावर एकच दुर्घटना घडली, तर जागेवर नसलेल्या डॉक्टरांपेक्षा जागेवर असलेल्या तुम्हाला अधिक कठोर शिक्षेचा धोका आहे. शिवाय ज्या वैद्यकपद्धतीची अर्हता नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात 1996 मध्येच ठरवले आहे. भूलतज्ज्ञ उपस्थित नसताना माझ्यावर रुग्णाची जबाबदारी सोपवू नये, असे पत्र उद्याच व्यवस्थापनाला द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. व्यवस्थापन नाराज होईल म्हणून हे पत्र नोंदणी मिळेपर्यंत लांबवू नका.