बीमएनजी.ड्राइव्हमधील ‘जपानी’ सेडान खऱ्या आहेत का?

नाही, वाहने चालवण्याच्या या संगणकीय खेळात त्या सेडानच्या उत्पादक म्हणून दाखवलेल्या इबिशू आणि हिरोची या दोन्ही कंपन्या काल्पनिक आहेत. २०१५ मध्ये ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आलेल्या या खेळात वाहने अत्यंत बारकाईने मोडतात-चेपतात; शिवाय खऱ्या कंपनीचे नाव वापरायचे तर परवाना लागतो, आणि आपली गाडी अशी चुरडलेली दाखवणे कोणत्या उत्पादकाला रुचेल, हा प्रश्नच आहे.

सेडानचा विचार करता इबिशू पेसिमा सर्वांत लक्षवेधी वाटते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची कोनदार आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोलसर, अशा तिच्या दोन पिढ्या खेळात असून, त्या काळातील जपानी कौटुंबिक सेडानच्या रचनेत झालेला बदल त्यांतून नेमका दिसतो. नावातही खोडी आहे : निसानच्या ‘मॅक्सिमा’चा लॅटिन अर्थ ‘सर्वांत मोठी’, तर ‘पेसिमा’चा ‘सर्वांत वाईट’!

हिरोची सनबर्स्टवर सुबारू इम्प्रेझाची छाप जाणवते. चारही चाकांना शक्ती पुरवणारी तिची रॅली आवृत्ती कच्च्या रस्त्यावर चालवून पाहावी. इबिशू मिरामार ही जुन्या वळणाची छोटी सेडान आहे. इबिशूचीच कोव्हेट मात्र हॅचबॅक असल्याने ती या यादीत बसत नाही.