दारू पीत नाही तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय, असं कसं? औषध काय घ्यावं?

भावा, दारू न पिता पण लिव्हरात चरबी साठते की. सुटलेलं पोट, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि बसून काम ही खरी कारणं. आपल्या कोल्हापुरात लोक तांबड्या रश्शाला शिव्या घालतात पण मला विचारशील तर रश्शापेक्षा त्यासोबतचा भाताचा ढीग, मिसळीबरोबरचे जादा पाव आणि दिवसभराचा गोड चहा जास्त नडतो. ग्रेड १ ला, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याला, बहुतेकदा गोळी लागतच नाही, वजन ७ ते १० टक्के उतरवलं, म्हणजे ८० किलोवाल्यानं ६ ते ८ किलो, तर चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, रंकाळा तलावाला रोज जोरात फेरी मार. लिव्हर टॉनिकवर पैसे घालवू नको. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी), शुगर आणि हिपॅटायटिस बी, सी मात्र एकदा तपासून घे, सी १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, बी ची लस आहे.

साथीची कावीळ वेगळी, हिपॅटायटिस ए आणि ई ची, ती घाण पाण्यातून येते, २०१२ ला इचलकरंजीत साथ आलेली ती तसलीच. बहुतेक जण आरामानं बरे होतात पण गरोदर बाईला ई झाली तर झाडपाला, कावीळ उतरवणं असलं करत बसू नका, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना, गाठा.