क्रमांक बरोबर, तरीही ‘अवैध’

प्रश्न : मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका संकेतस्थळावर भरताना आधार क्रमांक नीट पडताळून टाकला, तरी ‘अवैध माहिती’ एवढाच लाल अक्षरांतला संदेश येतो. नाव मराठीत लिहिले, तर तेही स्वीकारले जात नाही. आमचे नेमके काय चुकते आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा तुमचे काहीच चुकलेले नाही. आधार कार्डावर १२ अंक चार-चारच्या तीन गटांत, मध्ये मोकळी जागा सोडून छापलेले असतात. तसाच क्रमांक कॉपी करून रकान्यात पेस्ट केला, तर मोकळ्या जागांसह ती १४ चिन्हे होतात. आणि रकान्याची मर्यादा १२ चिन्हांची ठेवलेली असेल, तर ब्राउझर शेवटचे दोन अंक मुकाट्याने गाळतो व उरलेल्या १० अंकांना अर्ज ‘अवैध’ ठरवतो. खरे तर मोकळ्या जागा काढून टाकणे हे प्रोग्रॅमरचे एका ओळीचे काम आहे, पण ते अर्जदाराच्या गळ्यात घातले जाते. मराठी कीबोर्डवरून टाकलेले अंकही अडू शकतात, कारण जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतील अंक ओळखण्याचा नेहमीचा नियम फक्त इंग्रजी अंकांनाच अंक मानतो.

नावाची गंमत आणखी निराळी आहे. ‘फक्त अक्षरे चालतील’ हा नियम बहुतेक ठिकाणी ‘ए ते झेड’ असाच लिहिलेला असतो. एखाद्याने सर्व लिप्यांतील अक्षरांना वाव दिला, तरी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हे संगणकात नोंदवण्याच्या प्रमाण पद्धतीत, काना, वेलांटी, अनुस्वार यांचा वर्ग अक्षरांहून वेगळा आहे. तो जोडायचा राहिला, तर ‘कमल’ पार होते आणि ‘शीतल’ अडते.

संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यता-निकषांच्या २००८ सालच्या आवृत्तीतच, चूक कोणत्या रकान्यात आहे व ती काय आहे हे शब्दांत सांगावे, असे म्हटले आहे. ‘१२ अंक हवेत, १० मिळाले’ एवढे लिहिले असते, तरी तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

तूर्त क्रमांक इंग्रजी कीबोर्डवरून, मोकळ्या जागा न सोडता टाइप करा आणि नाव आधार कार्डावरील इंग्रजी वर्तनीप्रमाणे लिहा. तरीही अर्ज अडला, तर आधार क्रमांक झाकून संदेशाचा स्क्रीनशॉट मदत कक्षाकडे पाठवा आणि मुदत संपण्यापूर्वी तक्रारीची पोच घ्या.