तिसरं महायुद्ध होईल का? भाऊ जम्मूकडे आहे, घरच्यांनी किती घाबरायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ जम्मूकडे पोस्टिंगला आहे, आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टीव्हीसमोरून उठत नाही आणि रोज कुणी ना कुणी महायुद्धाची तारीख सांगत असतं. मी चोपडा तालुक्यातला. सतरा वर्षं सैन्यात सिग्नलला, म्हणजे फोन-वायरलेसच्या कामाला होतो, आता घरची केळी बघतो.

ठरवून कुणी महायुद्ध सुरू करेल असं मला वाटत नाही. ज्यांच्याकडे अणुबॉम्ब आहेत त्यांना आपलं काय होईल ते पक्कं ठाऊक आहे. मला भीती आहे ती नकळत होणाऱ्या चुकीची. एकाच्या हातून काहीतरी घडलं, दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ काढला, आणि विचारायला मधे तार नाही, तर गोष्ट हाताबाहेर जाते.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आमची युनिट राजस्थानच्या सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. जवळपास दहा महिने दोन्हीकडची लाखो माणसं समोरासमोर बसून होती. आमचं काम वाळूतून केबल टाकायचं. रात्री ती गाडीच्या चाकाखाली नाहीतर उंटाच्या पायाखाली तुटायची. मग केबल मुठीत धरून अंधारात चालत सुटायचं, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत. दातांनी साल सोलायची, पीळ द्यायचा, टेप गुंडाळायची आणि फोनचा दांडा फिरवून विचारायचं, ‘आवाज आ रही है?’ एका रात्री पुढच्या बाजूला मोठा स्फोट झाला आणि त्याच वेळी चौकीची लाईन गेली. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मागे बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हल्ला सुरू झाला होता, पोरं बूट चढवून तयार. लाईन जोडली तेव्हा कळलं, आपणच पेरलेल्या सुरुंगावर एक गाय गेली होती. तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर १९६२ साली झालं. क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया युद्धाच्या काठावर आले होते, त्या संकटात, २७ ऑक्टोबरला, रशियाची बी-५९ ही पाणबुडी अमेरिकन नौदलाने घेरली होती आणि वरून इशाऱ्याचे बार टाकत होते. पाणबुडी खोल पाण्यात, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. वर युद्ध सुरू झालंय की नाही हेच आतल्यांना कळेना. त्यांच्याकडे अणुटॉर्पेडो होता. कप्तान तो सोडायच्या बेतात असताना वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला अडवलं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, मॉस्को आणि वॉशिंग्टनने आपसात थेट लाईन टाकून घेतली.

आपल्याकडेही असा प्रसंग आला. ९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. सुदैवाने त्यावर स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही. दोन दिवसांनी आपल्या सरकारने चूक जाहीर कबूल केली, आणि पाकिस्ताननेही उलट काही डागलं नाही. तेच मे २०२५ मध्ये लढाई चालू असताना घडलं असतं तर? हा विचार मला खरंच झोपू देत नाही.

म्हणून बातम्यांत कोण किती गरजलं ते सोडा, बोलणं चालू आहे का ते बघा. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांचे प्रमुख अधिकारी) आपल्या डीजीएमओंना फोन आला आणि पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं. त्या रात्री उल्लंघनं झाली, पण लाईन तुटली नाही. दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून हे चालू आहे. कारगिल झालं, पुलवामा झालं, तरी खंड पडला नाही. ज्या वर्षी ही यादी दिली जाणार नाही, त्या वर्षी मी घाबरेन. रशिया आणि अमेरिकेच्या बाबतीत मात्र माझी काळजी वाढली आहे. अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट करारातला सहभाग रशियाने २०२३ मध्येच थांबवला, आणि त्याची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

खान्देशात युद्ध पोचतं ते खताच्या गोणीतून. केळीला पोटॅश लागतंच, आणि ते आपल्याला बाहेरूनच आणावं लागतं. रशिया आणि बेलारूस त्याचे मोठे उत्पादक. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पन्नास किलोची गोणी सतराशेच्या घरात गेली. आमच्याकडची निर्यातीची केळी आखातात जाते, तिकडे होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की कंटेनरचं भाडं आणि विमा चढतो आणि व्यापारी बांधावर उभा राहून भाव पाडून मागतो. तेव्हा घरात धान्य नि पेट्रोल साठवू नका. हंगामाचं खत मात्र वेळेत घेऊन ठेवा.

आईंचं सांगतो. मोहीम चालू असली की जवानांना मोबाईल बंद ठेवायला लावतात, कारण मोबाईलवरून ठिकाण कळतं. त्यामुळे फोन आला नाही म्हणजे वाईट घडलं असं नाही. पराक्रमच्या वेळी माझा एकदा बावीस दिवस घरी फोन नव्हता. नंतर गावातल्या एसटीडीवर आईला बोलावून घेतलं तर ती एवढंच म्हणाली, ‘जेवना का?’ म्हणजे जेवलास का. भावाचं ठिकाण, युनिट, फोटो काहीही व्हॉट्सॲपवर टाकू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा. आणि त्याचा फोन येईल तेव्हा आईंनाच आधी बोलू द्या.